बारीक टाका

रोज संध्याकाळी चार-साडेचारच्या सुमाराला माझ्या दिवसाचा निकाल लागतो. काउंटर बंद होतं. पाचशेच्या, दोनशेच्या, शंभराच्या नोटा वेगळ्या करायच्या, शंभर नोटांचं एक पाकीट, दहा पाकिटांचं एक बंडल बांधायचं, नाणी मोजायची आणि आकडा रोजमेळाशी ताडून पाहायचा. सकाळची आरंभीची शिल्लक, तिच्यात दिवसभराची जमा मिळवायची, दिवसभराची नावे वजा करायची. उरेल ती अखेरची शिल्लक. ती हातातल्या रकमेशी जुळली, की दोन किल्ल्या लावून तिजोरी बंद. नाही जुळली, तर जुळेपर्यंत जागचं उठायचं नाही. वाईतल्या एका नागरी सहकारी बँकेत हे काम मी १९९४पासून करते आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट अंगात मुरली आहे. हाताखालून गेलेल्या प्रत्येक पैशाची कुठे तरी नोंद असते, आणि प्रत्येक नोंदीला समोरची बाजू असते. एकाच्या नावे पडल्याशिवाय दुसऱ्याच्या खाती जमा होत नाही.

रविवारी सकाळी मात्र मी अशा कामाला बसते, ज्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. साडेसहाला घरातून निघते. खांद्याला झोळी, झोळीत रंगांचा पत्र्याचा डबा, तीन ब्रश, पाण्याची बाटली, एक जुनं फुलपात्र आणि फळीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवलेला कागद. गणपती आळीच्या घाटावर माझी एक पायरी ठरलेली आहे. तिथून ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू दिसते. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर आलं, की दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. त्या भिंतीची एक कड उजेडात आणि दुसरी सावलीत असते. मी गेली कित्येक वर्षं ती कड काढते आहे. अजून मनासारखी जमलेली नाही.

सुरुवातीच्या दिवसांत धुणं धुणाऱ्या एक मावशी माझ्या शेजारून पिळे घेऊन वर चढत होत्या. थांबल्या, कागदावर वाकल्या आणि म्हणाल्या, “बाई, ह्याचं काय मिळतं तुमास्नी?”

“काही नाही, मावशी.”

“इकत न्हाई?”

“नाही.”

त्यांनी पिळ्यांची बादली या हातातून त्या हातात घेतली. “मंग बरं हाय,” म्हणाल्या. “कुनाची घाई न्हाई.”

त्या वाक्याचं वजन तेव्हा मला कळलं नाही. कळायला पाच वर्षं लागली.

---

शाळेत माझी चित्रकला बरी होती. सातवीत एलिमेंटरी दिली, आठवीत इंटरमीजिएट. त्या परीक्षा दिलेल्या कुणालाही तो वास आठवत असेल. वर्गातल्या बाकांवर सांडलेलं रंगाचं पाणी, वस्तुचित्रासाठी टेबलावर मांडलेला माठ आणि दोन वांगी, स्मरणचित्राचा विषय फळ्यावर लिहिला जाईपर्यंत पोटात उठलेला गोळा. दोन्हींत चांगली श्रेणी आली. चित्रकलेच्या सरांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं, मुलीला पुढं पाठवा. वडिलांनी त्यांना चहा दिला, आदरानं बोलले आणि मला कॉमर्सला घातलं. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. घरात तीन भावंडं होती आणि शेती पावसावर. चित्र मात्र त्या दिवशी सुटलं, ते चोवीस वर्षं सुटलेलंच राहिलं.

२००९च्या उन्हाळ्यात घरातलं कपाट आवरताना मुलाचा रंगांचा डबा सापडला. त्याचीही इंटरमीजिएट होऊन गेली होती आणि अकरावी सायन्सच्या धबडग्यात तो डबा विसरून गेला होता. रंगांच्या वड्या वाळून भेगाळल्या होत्या. टाकून द्यावा म्हणून उचलला आणि कशासाठी कोण जाणे, बोट ओलं करून निळ्या वडीवर एक थेंब सोडला. थेंब काही वेळ तसाच उभा राहिला. मग भेगांमध्ये शिरला, आणि तळातून निळा रंग वर येऊ लागला, ढग चढावा तसा. मी ओट्याशी उभी राहून ते शेवटपर्यंत पाहिलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. त्या दिवशी रद्दीतल्या एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी नुसता निळा रंग पसरवून पाहिला.

मोठेपणी हातात ब्रश धरणं अवघड असतं, ते हाताच्या कडकपणामुळे नव्हे. मुलाला आपलं चित्र वाईट आहे हे दिसत नाही, म्हणून ते काढत राहतं. मोठ्या माणसाची नजर हाताच्या फार पुढे गेलेली असते. काय हवं ते दिसतं, काय झालं तेही दिसतं, आणि दोहोंमधलं अंतर लाज आणतं. त्यातून मी दिवसभर जे काम करते, ते मला येतं. नोटांचं बंडल हातात घेतलं तरी एखादी नोट कमी आहे हे बोटांना कळतं. अशा माणसानं उघड्या घाटावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, न येणारी गोष्ट करायची. पहिलं वर्षभर मी कुणी जवळ आलं की कागद छातीशी धरत असे.

जलरंगात चूक पुसता येत नाही, हे त्यात आणखी एक. तैलरंगात काळ्यावर पांढरा लावता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. जिथं ऊन दाखवायचं तिथं काहीच लावायचं नाही, आणि हे आधीच ठरवायचं. फिक्यापासून गडदाकडे जायचं. एकदा गडद झालं की परतीची वाट नाही. वॉश, म्हणजे रंगाच्या पाण्याचा पातळ थर, ओला असताना दुसरा रंग सोडला तर तो पसरतो, अर्धवट वाळला असताना सोडला तर फुलकोबीसारखा फुटतो. एप्रिलात वॉश ब्रशच्या मागोमाग वाळत येतो. जुलैत वीस-वीस मिनिटं वाट पाहावी लागते. साधा कार्ट्रिज कागद पाण्यानं पापडासारखा फुगतो, मग सगळा रंग खळग्यांत जमतो. हे सारं मी कागद वाया घालवत शिकले. पहिल्या दोन वर्षांतली बहुतेक चित्रं म्हणजे निरनिराळ्या छटांचा चिखल होता.

त्या चिखलातून एक दिवस घाटाचा दगड सापडला. काळा पाषाण म्हणून मी तोवर काळा रंग लावत होते, आणि पायऱ्या मेल्यासारख्या दिसत होत्या. त्या सकाळी डब्यात काळा संपलेला होता, म्हणून अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळला. करडा रंग तयार झाला, पण आतून जिवंत. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. वाळल्यावर दगडाचा रवाळ पोत आपसूक उमटला. मावशी तेव्हा शेजारीच धुणं आपटत होत्या. मी त्यांना म्हटलं, “मावशी, हा दगड काळा नाहीये.” त्यांनी दगडाकडे पाहिलं. “भिजला की जांभळा असतो की,” म्हणाल्या. “रोज बघतो आमी.”

मी तीन वर्षं त्या पायरीवर बसत होते. त्यांना जे रोज दिसत होतं, ते मला तोपर्यंत दिसलं नव्हतं.

---

२०१४ साली पाचगणीतल्या एका हॉटेलमालकांनी माझी चित्रं पाहिली. बँकेत खातं होतं त्यांचं, ओळखीतून विषय निघाला. खोल्यांत लावायला वाईच्या घाटांची बारा चित्रं हवी होती, एकेका चित्राचे तीन हजार. माझा महिन्याचा हिशेब मला पाठ होता. त्या वर्षी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. मी हो म्हटलं, आणि त्या छत्तीस हजारांचा घराला उपयोग झाला. पैशाबद्दल मला तक्रार नाही. चित्राला पैसे मिळाले याचा त्या दिवशी मला अभिमानही वाटला.

पहिली तीन चित्रं घाटावर बसून केली. ती त्यांना आवडली, पण काही सूचना आल्या. आकाशात थोडा नारिंगी हवा. पाणी निळं हवं, हिरवट नको. आणि धुणं धुणाऱ्या बायका नकोत. पाहुण्यांना स्वच्छ, शांत घाट आवडतो. मागणी रास्त होती. भिंती त्यांच्या, पाहुणे त्यांचे. चौथ्या चित्रापासून मी मोबाइलमधल्या फोटोवरून घरीच काढू लागले. सुरुवातीला एका चित्राला चार तास लागत. न ठरवताच मनात आकडा झाला, तासाला साडेसातशे. सातव्या चित्राला दोन तास लागले, तासाला दीड हजार. हात सरावला होता. देऊळ, पायऱ्या, पाणी, आकाश, सगळं पाठांतर म्हटल्यासारखं उतरत होतं, आणि खोटं बोलायचं नाही तर ती चित्रं आधीच्यांपेक्षा सफाईदार होती.

नवव्या चित्राच्या वेळी देवळाच्या सावलीचा कोन आठवेना, म्हणून ते घेऊन घाटावर गेले. मावशी आल्या, नेहमीसारख्या वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग बोट कागदावर फिरवत म्हणाल्या, “झ्याक झालंय. पर आमी कुठं हाय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या बाईनं मला दगडाचा रंग दाखवला, तिला मी त्या दगडावरून उठवलं होतं. कुणी जुलूम केला नव्हता. एका सभ्य माणसानं सभ्य शब्दांत सांगितलं आणि मी केलं. शब्द दिला होता म्हणून बारा चित्रं पूर्ण करून दिली. त्यानंतर आजपर्यंत एकही चित्र विकलेलं नाही.

---

त्यानंतर कधी तरी, एका थंडीत, मावशींनी मला घरी नेलं. सुनेला दिवस गेले होते आणि त्या वाकळ शिवत होत्या. अंगणात ऊन होतं, त्यात वाकळ पसरलेली. खाली जुन्या धोतराचा थर, वर लुगड्यांचे तुकडे, विटलेलं हिरवं, विटलेलं अंजिरी, मध्ये चौकोनात एक लाल तुकडा. त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या शालूचा, म्हणाल्या. कडेनं सुरू केलेला धावदोरा चौकोनात चौकोन करत आत आत चालला होता. मी जवळ जाऊन पाहिलं. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एका मापाचे, आणि दोन ओळींतलं अंतर बोटाच्या पेरापेक्षा कमी.

शेजारी दुसरी एक अर्धी झालेली वाकळ होती, घडी घालून ठेवलेली. तिचे टाके लांब होते, ओळीही दूर दूर. मी विचारलं.

“ती इकायची हाय,” मावशी म्हणाल्या. “एका बाईनं सांगितलीय. पैशाची वाकळ लांब टाक्याची. ही नातवाची.”

“विकायचीला बारीक टाका घातला तर?”

“परवडल का?” त्या सहज म्हणाल्या. “त्या बाईला तेवढं नकोच हाय. तिला थंडीच्या आत पायजे. हिला किती टाके घालायचे त्ये माझं मी ठरवते.”

मी त्या अंगणातून निघाले ते हे वाक्य घेऊन. माझ्या बारा चित्रांचं काय झालं होतं, ते मला तोवर नीट सांगता येत नव्हतं. पैशानं कला बाटते, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण ते मला पटत नव्हतं. मावशी विकायची वाकळही मन लावूनच शिवत होत्या. ती उबदार होणार होती, टिकणार होती, सांगितलेल्या मुदतीत होणार होती. फरक एवढाच होता, की तिथं टाका किती लांब घालायचा हे ठरवायचा हक्क पैसे देणाऱ्याकडे गेला होता. तो त्याच्याकडे जाणं न्याय्यही होतं. आणि नातवाच्या वाकळीत तो हक्क शिवणारीच्या हातात राहिला होता.

“हौसेला मोल नाही” असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते खर्चाबद्दल असतं. हौस असली की माणूस किंमत पाहत नाही. मला त्यात आता आणखी एक अर्थ ऐकू येतो. मोल लावलं की ते लावणारा कुणी तरी समोर उभा राहतो, आणि त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. हौसेत समोर कुणी उभा नसतो. असतं ते फक्त देऊळ, पाणी आणि भिजला की जांभळा होणारा दगड. ऐकायचं ते त्यांचं.

---

हे लिहिताना एका माणसाची आठवण मला गप्प बसू देत नाही. आमच्या गावात एक पेंटरकाका आहेत. एके काळी बाजारपेठेतल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि एका रात्रीत छापून मिळणाऱ्या फलकापुढे हातानं रंगवलेली पाटी कुणाला परवडेना. आता वर्षातून मोजकी कामं येतात.

एका गणेशोत्सवात एका मंडळाची मुलं माझ्याकडे आली. देखाव्याच्या मागचा पडदा रंगवून हवा होता, वीस फुटी. “मॅडम, तुम्ही हौशी आहात. पैसे थोडेच घेणार तुम्ही,” असं त्यांनी प्रेमानं म्हटलं. मला आनंद झाला. पडद्यावर काय काढावं याचे विचारही सुरू झाले. बोलता बोलता कळलं, की मुलं आधी पेंटरकाकांकडे जाऊन आली होती. त्यांनी सांगितलेला दर मंडळाला जास्त वाटला होता.

त्या रात्री मी खूप अस्वस्थ होते. माझी हौस माझ्या पगारावर उभी आहे. महिन्याच्या शेवटी खात्यात रक्कम जमा होते, म्हणून रविवारी मी कुणाची घाई नसलेलं चित्र काढू शकते. तीच हौस घेऊन मी एखाद्याच्या पोटाच्या कामात फुकट उतरले, तर माझ्या मोकळेपणाची किंमत तो माणूस भरणार. दुसऱ्या दिवशी मी मुलांना बोलावून सांगितलं, हे काम काकांचं आहे, त्यांना त्यांचा दर द्या, आणि कमी पडतील ते पैसे मी वर्गणी म्हणून देते. मुलं समजूतदार होती. काकांनी काम घेतलं. तीन रात्री मी त्यांच्या हाताखाली रंग कालवायला गेले.

त्या तीन रात्रींत काकांकडून मी जे शिकले, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. खडूनं माखलेली दोरी पडद्यावर ताणून टिचकी मारली, की सरळ रेघ उमटते. “ब्रश ओढायचा, ढकलायचा नाही,” असं ते पुन्हा पुन्हा सांगत. मंडळाच्या नावाची अक्षरं त्यांनी शेवटी घेतली. तीन फुटी ‘ग’ची गोलाई त्यांनी एका दमात ओढली, मागं सरकून पाहिली आणि पुसून टाकली. मला ती निर्दोष वाटली होती. दुसऱ्यांदा ओढली, पुन्हा पुसली. रात्रीचा दीड वाजला होता, सकाळी प्रतिष्ठापना होती. मी म्हटलं, काका, चांगलं झालंय. ते म्हणाले, “पैसे घेतोय मी ह्याचे. आणि पैसे नसते घेतले तरी ह्या गोलाईनं मला झोप लागू दिली नसती.”

म्हणून विकणाऱ्याचा टाका लांबच असतो, असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही. काकांनी पोटासाठी काम केलं आणि टाका बारीकच घातला. त्यासाठी झोप मोडली, जास्तीचा वेळ आपल्या पदरचा घातला. ज्याला विकावं लागतं त्याला बारीक टाका परवडत नाही, आणि तरीही तो घालतो, तेव्हा त्याची हौस माझ्या हौसेपेक्षा मोठी असते. मला तो फुकटात परवडतो. निदान एवढ्यासाठी तरी मी तो लांब घालता कामा नये.

---

फावल्या वेळातली कला ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असंही म्हणतात. आमच्याच सातारा जिल्ह्यात औंधला श्री भवानी संग्रहालय आहे. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभारलं. राजा रविवर्मा, धुरंधर, हळदणकर यांची चित्रं तिथं आहेत, हेन्री मूरचं माता आणि बालकाचं शिल्पही आहे. बाळासाहेब स्वतः चित्रं काढत. रामायणाच्या चित्रांचा त्यांचा संग्रह १९१६ साली प्रसिद्ध झाला. एका राजाला चित्र विकायची गरज नव्हती, त्यांनी हौस केली आणि ती जाणतेपणानं केली. तिथल्या दालनांतून हिंडताना माझ्या मनात आलं, राजाला जमलं ते ठीक, बाकीच्यांनी काय करावं?

उत्तर मला औंधला मिळालं नाही, ते मावशींच्या अंगणात आधीच मिळालेलं होतं. दिवसभर दुसऱ्यांची धुणी आपटणारी बाई दुपारच्या तासाभरात तांदळाएवढे टाके घालत होती. आमच्या बायकांनी उंबऱ्यापुढच्या रांगोळीत, जात्यावरच्या ओव्यांत, वाकळींच्या कडांत हेच केलं आहे. संध्याकाळपर्यंत पुसली जाणार हे माहीत असून रांगोळीची रेघ कुणी वाकडी काढली नाही. त्यांच्यातल्या कुणाला तुम्ही कलावंत आहात का, असं विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या. मोकळा वेळ त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनी तो कामाच्या मधून काढला. माझा रविवार त्यांच्या मानानं फार मोठा आहे.

---

“चित्र काढल्यानं ताण कमी होत असेल ना?” हे मला नेहमी विचारतात. विचारणाऱ्याला माझं भलंच हवं असतं. पैसे नाहीत तर निदान मनःशांती तरी जमेच्या बाजूला मांडावी, म्हणजे हिशेब पुरा होईल, असं त्यामागं असतं. मी अनेक वर्षं हो म्हणत आले. २०१६च्या नोव्हेंबरनंतर म्हणत नाही.

८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. १० तारखेला बँका उघडल्या तेव्हा आमच्या दारात पहाटेपासून रांग होती. शनिवार-रविवारीही बँक चालू. माझा १३ तारखेचा रविवार घाटाऐवजी काउंटरवर गेला. रांगेत हळदीचे पैसे घेऊन आलेले शेतकरी होते, लेकीच्या लग्नासाठी डब्यात जपलेल्या नोटा घेऊन आलेल्या आया होत्या. रात्री नऊ-दहापर्यंत मोजणी चाले. एका रात्री दोन हजार कमी आले. तीनदा मोजलं, मेळ बसला नाही. मी पैसे भरले आणि घरी आले. अकरा वाजले होते. जेवायची इच्छा नव्हती. फळीवर कागद होता, तो ओला केला आणि अल्ट्रामरीनचा वॉश टाकला. तो वाईट झाला. कडा सुकल्या, मध्ये पाणी साचलं. दुसरा कागद घेतला, तोही बिघडला. मला रडू आलं. मन शांत वगैरे काही झालं नाही.

तरी दुसऱ्या रात्री मी पुन्हा कागद ओला केला. का केला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. मला वाटतं, दिवसभर ज्या हातांनी मोजलं, त्या हातांना न मोजता काही तरी करायचं होतं. निळा रंग ओल्या कागदावर सुटतो तेव्हा तो किती पसरला हे कुणी मोजत नाही. तो कसा पसरतो एवढंच पाहायचं असतं. त्यानं सुख मिळेलच असं नाही. पण त्या काही मिनिटांपुरती मी कुणाच्या नावे नव्हते आणि कुणाच्या जमेतही नव्हते.

---

माझी चित्रं आता घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत असतात. पावसाळ्यात कडुनिंबाचा पाला घालते, तरी काहींना कसर लागली आहे. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि पाणी कुठवर होतं ते लिहिते. २०१९च्या ऑगस्टमध्ये खाली सांगली-कोल्हापूर पाण्यात बुडालं होतं, तेव्हाचं एक चित्र आहे. त्यात माझी पायरी दिसत नाही. ते चित्र मी वरच्या रस्त्यावरून छत्री धरून केलं, पावसाचे थेंब कागदावर पडून तिथं तिथं रंग उडालेला आहे. तशी खरी पावसाची खूण मला मुद्दाम कधी काढता आली नसती.

काही चित्रं मी देते, ज्यांचं काही तरी त्या चित्रात आहे त्यांना. मावशींना एक दिलं. त्यात त्या पाठमोऱ्या आहेत, पायरीवर वाकलेल्या, हातात पिळा. दगड जांभळा आहे. त्यांच्या घरी ते देवांच्या तसबिरींशेजारी लावलेलं मी पाहिलं. नातू आता शाळेत जातो. चित्राकडे बोट दाखवून त्यानं मला विचारलं, “आजीचं तोंड का न्हाई काढलं?” मी म्हटलं, आजी वळली नाही म्हणून. ते त्याला पटलं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. आता विकायला काय हरकत आहे, वेळच वेळ असेल, असं सहकारी म्हणतात. प्रश्न वेळेचा नाही. कधी खरीच गरज पडली तर मी पुन्हा विकेनही, आणि तेव्हा पेंटरकाकांसारखं विकता यावं एवढीच इच्छा करीन. पण जोवर पोटाची सोय आहे, तोवर टाका किती बारीक घालायचा हे मला स्वतःला ठरवायचं आहे.

बँकेत आजची आरंभीची शिल्लक म्हणजे कालची अखेरची शिल्लक. कागदावर तसं होत नाही. गेल्या रविवारी जमलेलं ऊन या रविवारी हातात शिल्लक असतं, असा अनुभव मला अजून आलेला नाही. पायरीवर बसले की समोर कोरा कागद असतो आणि खात्यात शून्य. फुलपात्रात नदीचं पाणी भरते. देवळाची कड उजेडात यायला अजून दहा मिनिटं असतात. पलीकडे धुण्याचा पहिला आवाज येतो. मी ब्रश ओला करते आणि थांबते, कारण ऊन कुठं पडणार आहे ते आधी पाहायचं असतं. ती जागा मोकळी सोडायची आहे.